झडपेतून रक्त किती जातं?

पवनारला धाम नदीच्या काठी उभं राहून पाहा. पात्र रुंद आहे तिथे पाणी संथ. खडकांच्या मधून जाताना तेच पाणी धावतं. पाणी वाढलेलं नसतं, वाट अरुंद झालेली असते. म्हणून नुसता वेग पाहून नदीत पाणी किती हे सांगता येत नाही. पात्राचा छेदही मोजावा लागतो. छेद गुणिले वेग म्हणजे प्रवाह.

हृदयाच्या इकोमध्ये आम्ही हेच करतो. ॲओर्टिक झडपेच्या जरा खाली, रक्ताच्या वाटेत एक काल्पनिक आडवा छेद धरतो. कॉम्प्युटरवर प्रवाहाचं सिम्युलेशन करणारे इंजिनिअरही नळीच्या आत असाच छेद धरतात, त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचा प्रवाह काढतात आणि बेरीज घेतात. आम्ही मात्र वाट गोल धरून एकच व्यास मोजतो. व्यास 2 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंमी. एका ठोक्यात रक्त तिथून 20 सेंमी पुढे सरकलं, तर सुमारे 63 मिली बाहेर पडलं. व्यास चुकून 1.8 मोजला, तर उत्तर येतं 51. दोन मिलिमीटरची चूक आणि पाचवा हिस्सा रक्त गायब!

तुम्हाला हे का सांगतोय? काही वर्षांपूर्वी सत्तरीतले एक शेतकरी काका दम लागतो म्हणून आले. इकोत झडप अरुंद होती, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक 28 होता. तीव्र म्हणायला साधारण 40 लागतो. मी म्हटलं, "मध्यम आहे काका, सहा महिन्यांनी पाहू."

तीन महिन्यांतच ते पाय सुजून परत आले. तेव्हा मी तोच रिपोर्ट नीट वाचला. हृदय अशक्त झालं होतं, ठोक्याला जेमतेम 41 मिली रक्त जात होतं. पाणीच कमी, तर जोर कुठून दिसणार? झडपेतून जाताना ते रक्त 55 सेंमी सरकत होतं. 41 भागिले 55, म्हणजे झडपेची वाट सुमारे 0.75 चौरस सेंमी. निरोगी झडपेची 3 ते 4 असते. 1 पेक्षा कमी म्हणजे तीव्र. हृदयाला जोर देणारं औषध देऊन पुन्हा इको केला, खात्री झाली, झडप बदलली. काका आज शेतात जातात. पण ते तीन महिने माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हा रिपोर्टवर 'मध्यम' लिहिलंय, पण चालताना दम लागतो, छातीत दुखतं किंवा चक्कर येते, असं असेल तर डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा : झडपेचं क्षेत्रफळ किती? आणि एका ठोक्याला रक्त किती जातं? जुने रिपोर्टही सोबत न्या. विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. तो रिपोर्ट पुन्हा एकदा उघडेल.