जॉप्लिन नगरीतील ते दिवस

अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जॉप्लिन नावाचे सुमारे पन्नास हजार वस्तीचे नगर आहे. शिसे व जस्त यांच्या खाणींमुळे ते एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आले. वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण, दमट हवा आणि पश्चिमेकडील कोरडी हवा या प्रदेशावर एकमेकींस भिडतात. मग प्रचंड मेघ गरगरू लागतात आणि एखादे वेळी त्यांतून सोंडेसारखा वारा भूमीस टेकतो. त्यास तिकडे टॉर्नेडो म्हणतात. चैत्र-वैशाखात आपल्या शेतांत पाचोळा उडविणाऱ्या वावटळीवरून त्याची कल्पना यावयाची नाही.

२२ मे २०११ हा रविवार होता. हायस्कूलच्या शेवटच्या वर्गाचा पदवीदान समारंभ आटोपून कुटुंबे घरोघर परतत होती. साडेपाच वाजून गेल्यावर दीड किलोमीटर रुंदीची आणि ताशी तीनशे वीस किलोमीटरहून अधिक वेगाने गरगरणारी ती वावटळ नगरावरून गेली. १५८ माणसे प्राणांस मुकली. संत योहान यांच्या नावाच्या कॅथलिक रुग्णालयातून १८३ रुग्णांना तातडीने बाहेर काढावे लागले. तेथील कागदपत्रे वाऱ्याबरोबर शंभर किलोमीटरच्या आसपास जाऊन पडली. पवित्र मरियेचे मंदिर भुईसपाट झाले. धर्मगुरू आपल्या निवासातील न्हाणीघराच्या टबात आडवे झाल्याने बचावले. मंदिरासमोरचा उंच क्रूस मात्र जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याचे छायाचित्र जगभर गेले.

परंतु, प्रिय वाचकहो, वारा थांबल्यावर दुसरे संकट सुरू झाले. दूरध्वनी लागत नव्हते. ओळखीच्या खुणाच नाहीशा झाल्याने माणसांना आपलीच गल्ली ओळखू येईना. दूरच्या गावी असलेली मुले आईबापांची आणि आईबाप मुलांचे नाव घेत रात्र काढू लागले. चार दिवसांनी, २६ मे रोजी, सरकारने बेपत्ता माणसांची यादी प्रसिद्ध केली. तीत २३२ नावे होती. काही जण सुखरूप सापडले. काहींच्या घरी दुःखाचीच वार्ता गेली. वाईट बातमी माणूस रडून सोसतो. बातमीच नसणे सोसवत नाही.

यरुशलेमहून परतताना बाळ येशू सोबत नाही हे कळताच मरिया व योसेफ यांची जी अवस्था झाली, ती हीच. त्या मातापित्यांनी आधी नातलगांत व ओळखीच्या माणसांत विचारले, मग आल्या वाटेने मागे फिरून तीन दिवस शोध घेतला. जॉप्लिनमध्येही लोक हातात छायाचित्रे घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेले. पुढे शेजारच्या कार्थेज गावातील एका बॅप्टिस्ट मंडळीने वाऱ्याने विखुरलेली हजारो कौटुंबिक छायाचित्रे गोळा केली, स्वच्छ केली आणि ज्यांची त्यांना परत करण्याचा उद्योग आरंभला. ज्यांचे घरच राहिले नव्हते त्यांच्या हाती आजीचा विवाहसोहळा किंवा बाळाचा बाप्तिस्मा पुन्हा आला.

आपल्या गोव्यातील व बेळगाव भागातील किती तरी घरांतील मुले आज मुंबईत, आखाती देशांत, जहाजांवर आहेत. वादळाची अथवा पुराची वार्ता येताच घरी चूल पेटत नाही. अशा घरांनी एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी. संकटग्रस्त गावाबाहेर राहणारा एक नातलग नेमावा. प्रत्येकाने आपली खुशाली त्यालाच कळवावी आणि इतरांनी त्यालाच विचारावी. पुष्कळदा बोलणे होत नाही तेव्हाही दोन शब्दांचा लेखी निरोप पोहोचतो. त्याचा क्रमांक कागदावर लिहून देवघरापाशी लावावा. संध्याकाळच्या माळेच्या प्रार्थनेस सारे जमतात तेव्हा तो सर्वांच्या दृष्टीस पडेल. आणि त्याच प्रार्थनेत एक ‘नमो मरिये’ ज्यांच्या घरची वार्ता अजून आलेली नाही त्यांच्यासाठी म्हणावी.