पोह्यावरची शेव आणि सरकार

लोकांच्या खाण्यापिण्यात सरकारनं पडू नये, असं मी कित्येक वर्षं ठासून सांगत आलो. दवाखाने नीट चालवा, नळाला स्वच्छ पाणी द्या; ताटाचं आम्ही बघू. इंदूरजवळच्या सांवेरमध्ये राहून सकाळच्या पोह्यांवर शेव किती घालायची, हे दिल्लीनं का सांगावं?

आज मला तसं म्हणवत नाही. मत बदललं ते वनस्पती तुपामुळे. आमच्या माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पिकतं, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे, म्हणजे तेल हा आमच्या अंगणातला विषय. पण द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते अर्धवट घट्ट केलं, म्हणजे वनस्पती तूप बनवलं, की ट्रान्स फॅट तयार होतात, हे मला फार उशिरा नीट समजलं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, चांगलं घटवतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका निर्माण करतात. चहाबरोबरच्या खारीत, टोस्टमध्ये, नानकटाईत ते आहेत की नाहीत, हे चवीवरून कळत नाही. मग घरातली बाई कितीही जागरूक असली, तरी ती ओळखणार कशी?

तिथं नियमच लागतो. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे आधी १० टक्क्यांची मर्यादा आली, मग ५ टक्क्यांची. २०२१ च्या जानेवारीपासून ३ आणि २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्के. खारी खाणाऱ्याला काही सोडावं लागलं नाही. बदल करायचा होता तो कारखान्यानं. आयोडीनचंही तसंच. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. गलगंडावरचं व्याख्यान ऐकून कुणाला मीठ निवडावं लागत नाही.

उपदेशाबद्दल मात्र माझं मन अजून साशंक आहे. घरोघरी तेल १० टक्क्यांनी कमी करा, असं पंतप्रधानांनी २०२५ मध्ये सांगितलं. सांगणं योग्यच आहे, पण त्याचा सगळा भार पुन्हा स्वयंपाक करणारीवर पडतो. कारखान्याला आणि बाजाराला घातलेली मर्यादा मला जास्त मोलाची वाटते.

बाजाराच्या कढईचंच बघा. वारंवार तापवलेल्या तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल खराब होताना तयार होणारी संयुगं, २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. इंदूरच्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीला २०१९ मध्ये 'क्लीन स्ट्रीट फूड हब'चा मान मिळाला, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला. पण नियम सांवेरच्या कचोरीच्या कढईलाही तोच आहे. तेल तपासणारं यंत्र हातात मावतं, कढईत बुडवलं की आकडा दाखवतं. ते आमच्या बाजारात नेमानं यावं, अशी माझी आता मागणी आहे. शिवाय वापरलेलं तेल विकत घेऊन बायोडिझेलसाठी नेणारी गाडीही यावी. दिवसाच्या कमाईवर घर चालवणारा कचोरीवाला एरवी कढईभर तेल ओतून देणार कसा?