कोणाचा शेकेल?

आठवडाभर ऑफिसात व्हर्जन नंबर आणि डेटा टाइपशी झटापट केल्यावर वीकेंडला माणसाने काय करावं? सिनेमा बघावा, ताणून द्यावी. अस्मादिक या शनिवारी गल्याथच्या चिलखताचे किलो काढत बसले होते. सवयच वाईट, दुसरं काय!

बायबलच्या जुन्या करारात दावीदाशी लढणारा हा पलिष्टी धिप्पाड गडी येतो. त्याचं चिलखत ५००० शेकेल वजनाचं, भाल्याचं पातं ६०० शेकेलचं. आता शेकेलचे ग्रॅम करायचे, गुणाकार मारायचा, झालं. शाळकरी गणित. पण थांबा, गंमत पुढेच आहे.

आधी कोष्टक. २० गेरा म्हणजे १ शेकेल. अर्धा शेकेल म्हणजे १ बेका. आणि ३००० शेकेल म्हणजे १ किक्कार, इंग्रजीत ज्याला टॅलेंट म्हणतात तो. हे ३००० कुठून आले? निर्गमच्या पुस्तकात चक्क जमाखर्च दिलाय. ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी दिली आणि एकूण भरली १०० किक्कार १७७५ शेकेल. घ्या कागद. ६,०३,५५० चे निम्मे ३,०१,७७५. त्यातून १७७५ वजा करा, उरलेल्याला १०० ने भागा... बरोब्बर ३०००. टेस्ट पास!

म्हणजे गुणोत्तरं ग्रंथातून मिळतात. ग्रॅम मात्र मिळत नाहीत, त्यासाठी जमीन खणावी लागते. प्राचीन यहूदा राज्याच्या प्रदेशात इ.स.पू. ८व्या-७व्या शतकातले चुनखडीचे घुमटाकार दगड बरेच सापडलेत. ही त्या काळची वजनं. त्यांवर शेकेलची खूण असते, दिसायला थोडीफार आपल्या देवनागरी ४ सारखी. हे दगड आधुनिक काट्यावर ठेवले की शेकेल ११.३ ग्रॅमच्या आसपास येतो. यातला 'आसपास' महत्त्वाचा. हाताने घडवलेले दगड, कुणाचा टवका उडालेला, कुणी झिजलेला. एकाच खुणेचे दोन दगड तंतोतंत जुळत नाहीत.

पण या दगडांनी कामही केवढं केलंय बघा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नांगराचे फाळ आणि कुदळी यांच्या संदर्भात 'पीम' असा एक शब्द येतो, तोही अख्ख्या बायबलमध्ये एकदाच. त्याचा अर्थच कुणाला लागेना. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याची कानस झाली! पुढे विसाव्या शतकात 'पीम' अशी अक्षरं कोरलेले साडेसात-आठ ग्रॅमचे दगड हाती आले आणि उलगडा झाला. पीम म्हणजे साधारण दोन-तृतीयांश शेकेल चांदी, पलिष्ट्यांकडून अवजारांना धार लावून घ्यायचा दर. शब्दकोशाने हात टेकले तिथे तराजूने उत्तर दिलं.

आता खरी मेख. शेकेल काही एकट्या यहूदाचा नव्हे. बॅबिलोनचा शेकेल ८.३ ग्रॅमच्या जवळपास, आणि नंतरच्या काळातलं सोर शहराचं चांदीचं शेकेल नाणं सुमारे १४ ग्रॅमचं. नाव तेच, व्हर्जन वेगळं! गल्याथचं चिलखत एका हिशोबाने साडेएक्केचाळीस किलो, दुसऱ्याने साडेछप्पन्न, तिसऱ्याने सत्तर. त्यामुळे कुणी '५६.५०० किलो' असं छातीठोक सांगितलं तर ते शेवटचे दोन शून्य मुकाट्याने खोडावेत. यहूदाचा शेकेल धरून ५५ ते ६० किलो, इतकंच प्रामाणिक उत्तर.

हसू नका, आपल्याकडेही हेच आहे. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेकेलचा शेजारीच (निव्वळ योगायोग). हल्ली सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आमच्या घरी आजीच्या हातची दागिन्यांची यादी आहे, त्यात 'पाटल्या ४ तोळे' असं लिहिलंय. वाटणीच्या वेळी काट्यावर भरलं साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर. काकू बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, हे तर साडेचार तोळ्यांच्या वर गेलं. सासूबाईंचा हिशोब चुकला वाटतं." क्षणभर सगळे गप्प. मी मोबाईलवर ४ गुणिले ११.६६ केलं आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवला. ४६.६४. आजी चुकली नव्हती, मधल्या काळात तोळा बदलला होता.

हिब्रूत 'एवेन' म्हणजे दगड, आणि वजन या अर्थीही तोच शब्द. पिशवीत एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड बाळगू नयेत, असा नियम अनुवादच्या पुस्तकात आहे. म्हणजे घ्यायचा दगड एक आणि द्यायचा दुसरा, ही चलाखी तेव्हाही चालत असणार. आणि प्राचीन लोकांना कशाला हसायचं? १८८९ पासून २० मे २०१९ पर्यंत अख्ख्या जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळाच होता. आपलाही 'एवेन'च की तो! आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बांधलाय, त्याचा टवका उडत नाही.

असो. कुठलंही जुनं माप ग्रॅममध्ये करताना दोन गोष्टी सोबत लिहाव्यात, शेकेल कोणाचा आणि फरक किती धरलाय. तेवढं नसेल तर आकडा कितीही दशांशांपर्यंत काढलात तरी त्याच्यावर हवाला ठेवू नका. एखाद्याच्या आजीला त्यापायी उगाच खोटं ठरवलं जातं.