निकाल शेजारच्या जिल्ह्यात लागला होता

गंभीर आजारावरचं संशोधन म्हटलं की आमच्या लातूर-नांदेडकडच्या माणसाला परळचं टाटा हॉस्पिटल आठवतं, नाहीतर परदेशातली एखादी चकचकीत प्रयोगशाळा. आपल्याकडे फक्त पेशंट असतात, त्यांना रात्रीच्या गाडीने मुंबईला न्यायचं असतं, आणि औषधाचा शोध कुठेतरी लांब लागत असतो, असं सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल आज जगभर जे धोरण मान्य आहे, त्याचा एक मोठा आधार उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतून आला. १५ ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्याचा भाग होतं. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं आहे. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र तो ‘उस्मानाबाद’ म्हणूनच ओळखला जातो. आमच्या भागात संशोधन झालं नाही ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. खरी तक्रार अशी की जे झालं, ते त्याच बायकांच्या लेकीसुनांपर्यंत परत आलं नाही.

याची सुरुवात बार्शीत झाली. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावं तिने धरली. शहरात नोंदणी करणं तुलनेने सोपं, कारण पेशंट शेवटी चारदोन दवाखान्यांतच सापडतो. खेड्यात बाई घरीच झुरून मरते आणि मरणाच्या दाखल्यावर काहीही लिहिलं जातं. त्यामुळे इथल्या कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन माणसं जमवावी लागली, लक्षणं समजावून सांगावी लागली, कुणाला पाळी गेल्यावरही अंगावरून जातंय का, हे विचारावं लागलं. काम आकडे गोळा करायचं होतं. पण त्या बोलण्यातूनच बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. हा बदल १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवला आहे. नवं औषध नाही, यंत्र नाही, नुसत्या विचारपुशीने पेशंटची अवस्था बदलते, हा शोध मला कुठल्याही रेणूच्या शोधापेक्षा कमी वाटत नाही.

त्या पायावर १९९९ मध्ये उस्मानाबादचा मोठा प्रयोग उभा राहिला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियों शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. खेड्यांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. कुठल्या गटाला कुठली तपासणी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. तेरा गटांना हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, तेरांना पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन केलेली तपासणी, तेरांना ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या तेरांना नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे प्रत्यक्षात जवळपास काहीच नाही. तपासणी आयुष्यात एकदाच झाली आणि त्यानंतर आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. बाकी दोन पद्धतींनी मृत्यू खात्रीने कमी झाले, असं म्हणण्याइतका फरक पडला नाही.

हे असं का झालं, ते ॲसेटिक ॲसिडची पाहणी आणि एचपीव्हीची चाचणी जवळून पाहिल्या की कळतं. ॲसेटिक ॲसिडच्या पाहणीत नर्सबाई कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर पातळ ॲसिड लावते, मिनिटभर थांबते आणि दिव्याच्या उजेडात पांढरा डाग उमटतो का ते बघते. डाग उमटला तरी तो साध्या सुजेचा की कॅन्सरपूर्व बदलाचा, हे तिच्या नजरेवर, तिच्या प्रशिक्षणावर आणि त्या दिवशी तिने किती बायका तपासल्या आहेत यावर ठरतं. पाळी गेलेल्या बाईत जिथे बदल होतो ती कडा आत सरकलेली असते, तेव्हा पाहणारीचाही नाइलाज होतो. एचपीव्हीच्या चाचणीत नर्सबाई छोट्या ब्रशने नमुना घेऊन नळीत टाकते, आणि पुढचं प्रयोगशाळा बघते. तो विषाणू नसेल तर पुढची काही वर्षं त्या बाईला या कॅन्सरचा धोका फारच कमी. ज्यांच्यात तो असेल, आणि उस्मानाबादच्या प्रयोगात शंभरात साधारण दहाजणींत तो आढळला, त्यांच्याकडेच लक्ष द्यायचं. डॉक्टर कमी आणि अंतर जास्त असलेल्या मुलखात नेमकं हेच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची पाहणी ठरवलेली आहे. आणि तीही किती झाली? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली असं सांगणाऱ्या १.९ टक्के निघाल्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्याकडच्या बायका तपासणीला येतच नाहीत. उस्मानाबादच्याच आकड्यांनी त्याचं उत्तर दिलं आहे. बोलावलेल्यांपैकी साधारण ७९ टक्के बायका आल्या होत्या. त्याच खेड्यांतल्या, त्याच लाजऱ्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बायका. गावात येऊन सांगणारं, तपासणारं आणि पुढच्या उपचाराची सोय करणारं कुणी असलं की बाई येते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ॲसेटिक ॲसिडच्या पाहणीनेही मृत्यू घटले, मग उस्मानाबादचाच निकाल का धरायचा? हे खरं आहे, आणि स्वस्त पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पण मुंबईत ती दर दोन वर्षांनी पुन्हापुन्हा झाली. ऊसतोडीला सहा महिने घर सोडणारी बाई दर दोन वर्षांनी त्याच गावात, त्याच नर्सबाईला सापडेल, यावर मराठवाड्यात योजना उभी करायची असेल तर ती कागदावरच राहील. जी आयुष्यात एकदोनदाच हाती लागणार, तिच्यासाठी त्या एका भेटीत जास्तीत जास्त सांगणारी चाचणीच हवी.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रयोगात वापरलेली चाचणी महागडी होती आणि तिला प्रयोगशाळा लागत होती, हे कबूल. पण मधल्या काळात परिस्थिती बदलली. कोविडने जिल्ह्याजिल्ह्यात पीसीआर करणारी माणसं आणि यंत्रं आणून ठेवली. क्षयरोगासाठी थुंकी तपासायला ग्रामीण रुग्णालयांत जे ट्रूनॅट यंत्र बसवलं जातं, त्यावर चालणारी देशी एचपीव्ही चाचणीही आता तपासून सिद्ध झाली आहे. शिवाय बाईला टेबलावर झोपवण्याचीही गरज उरलेली नाही. तिने स्वतः घेतलेला नमुना पीसीआर पद्धतीत नर्सबाईच्या नमुन्याच्या तोडीस तोड ठरतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

एक आक्षेप मात्र मी बाजूला सारू शकत नाही. ज्या ३१ हजार बायकांना तपासणीशिवाय ठेवलं त्यांचं काय? वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी हा प्रश्न जोरात विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. पॅप स्मिअरचा उपयोग श्रीमंत देशांत आधीच दिसलेला होता. संशोधकांची बाजू अशी की गरीब ग्रामीण भागात एकाच तपासणीने मृत्यू टळतात का, हे खरोखर ठाऊक नव्हतं, आणि आजूबाजूच्या सगळ्याच गावांत तेव्हा तपासणी नव्हती. या उत्तराने माझं अर्धंच समाधान होतं. उरलेलं अर्धं उत्तर निकालानंतरच्या वर्षांत द्यायचं होतं. ज्या भागाने आपल्या बायका आकडे म्हणून दिल्या, त्या भागाला सगळ्यात आधी ती चाचणी मिळायला हवी होती. ही जबाबदारी संशोधकांपेक्षा सरकारची जास्त होती.

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा राज्याच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. त्यामागे कामाचा खाडा आणि दंड होता, खासगी दवाखान्यांचा धंदा होता. पण पांढरं जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगणंही होतं. तिच्या हातात विषाणू नसल्याचा कागद असता, तर ते वाक्य इतकं सहज खपलं नसतं.

एचपीव्हीची लस आली की हे सगळं आपोआप सुटेल, असंही ऐकू येतं. लसीचं महत्त्व मी कमी करत नाही. उलट एकच डोस पुरतो, या निष्कर्षात बार्शीचाही वाटा आहे. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी मुलींवर दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली, त्यातलं एक बार्शी. लसीच्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलं, सरकारने २०१० मध्ये या अभ्यासातलंही लसीकरण थांबवलं, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. पुढे त्यांच्याच पाठपुराव्यातून एका डोसाचं संरक्षण सिद्ध झालं. पण लस पोरींसाठी आहे. आज औशात किंवा मुखेडला पस्तीस-चाळिशीच्या ज्या बायका आहेत, त्यांच्यासाठी चाचणीच आहे.

आणि ज्यांना उशीर झालेलाच आहे, त्यांच्यासाठीही संशोधन रिकाम्या हाताने उभं नाही. टाटा मेमोरियलमध्ये तिसऱ्या टप्प्याच्या ८५० बायकांवर झालेल्या अभ्यासात रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचं औषध दिल्यावर पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. बरं होणार नाही अशा अवस्थेतही रक्तस्राव रेडिएशनच्या थोड्या मात्रेने आटोक्यात येतो, दुर्गंधी मेट्रोनिडॅझोलच्या साध्या गोळीच्या भुकटीने कमी होते, कंबरेतून मांडीत उतरणारी कळ तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनने थांबते. त्या वासापायी घरातल्या घरात वाळीत पडलेल्या बाईला हा फरक किती मोठा असतो, हे कुठल्याही जगण्याच्या टक्केवारीत दिसत नाही. मॉर्फिन स्वस्त आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं जे जंजाळ उभं केलं होतं, ते २०१४ च्या दुरुस्तीने सैल झालं. तरी ते लिहून देणारा डॉक्टर तालुक्याला सापडणं अवघडच, कारण बहुतेकांना ते वापरायला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाने आणि लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेने पुढचा अभ्यास औषधाचा न करता पोचवण्याचा करावा, असं मला वाटतं. आशाताईने घरी नळी दिली तर किती बायका नमुना परत देतात? दिवाळीआधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी दिली तर? विषाणू सापडलेल्या शंभरातल्या कितीजणी उपचारापर्यंत पोचतात, आणि गळतात त्या कुठल्या टप्प्यावर, एसटीच्या भाड्यापाशी की नवऱ्याच्या नकारापाशी? घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला मॉर्फिन द्यायला एका तालुक्यात किती नर्सबाई लागतात? असे प्रश्न मोठ्या नियतकालिकांना किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. बार्शीच्या लोकांनी १९८७ मध्ये याहून साध्या प्रश्नापासून सुरुवात केली होती.