एका बाजूचं ऐकणं

मध्यस्थ आणि लवाद अशी दोन्ही कामं मी नागपुरात करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती सारखीच वाटतात. पण एका ठिकाणचं कौशल्य दुसऱ्या ठिकाणी गैरवर्तन ठरतं. मध्यस्थाला एकेका पक्षकाराशी एकट्याने बोलावंच लागतं. लवादाने तसं कधीही बोलायचं नसतं. आमच्या व्यवसायातली बहुतेक नीती या एका फरकातून निघते, असं मला वाटतं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या वाटणीचं प्रकरण माझ्याकडे होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. धाकटा भाऊ वेगळ्या बैठकीत म्हणाला, "साहेब, आकड्याचं सोडा. दिवाळीनंतर पोरीचं लग्न आहे. तोवर निम्मे हातात आले तरी मी सही करतो." हे थोरल्याच्या कानावर घातलं असतं, तर प्रकरण त्याच संध्याकाळी मिटलं असतं, आणि धाकट्याच्या नडीचा फायदा थोरल्याला झाला असता. मी विचारलं, "यातलं भाऊंना काय सांगू, काय नको?" तो म्हणाला, "लग्नाचं नको." मग थोरल्यापाशी मी रकमेचा विषयच काढला नाही. पैसे केव्हा उभे करता येतील, हे मी प्रत्येक वाटणीत विचारतो, तेच विचारलं. काटोलकडची त्याची बाग होती, आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास उतरायची. पहिला हप्ता तेव्हा द्यायला तो आपणहून तयार झाला.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मध्यस्थी समिती नेमली आणि मध्यस्थांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण सुरू झालं. ऐकायचं कसं, प्रश्न कसा उलगडायचा, हे त्यात शिकवतात. वेगळी बैठक संपवताना 'काय सांगू, काय नको' हे विचारण्याची सवय मात्र ज्याची त्याने अंगी बाणवायची असते. मध्यस्थी फसली तर न्यायालयाला फक्त 'तडजोड झाली नाही' एवढंच कळवायचं. कोण किती खाली आला होता, कोण अडून बसलं, यातलं अक्षरही नाही. २०१०च्या मोती राम विरुद्ध अशोक कुमार निकालाने हे स्पष्ट केलं आहे. माझी टिपणं मी त्याच दिवशी फाडून टाकतो.

लवादाच्या खुर्चीत हेच कान बंद ठेवावे लागतात. संध्याकाळी फोन येतो, "साहेब, दोनच मिनिटं." विषय तारखेचा असला तरी मी सांगतो, ईमेल करा आणि प्रत समोरच्या वकिलांना पाठवा. एका पक्षाने दिलेला कागद दुसऱ्याला मिळालाच पाहिजे, असं १९९६च्या लवाद कायद्याचं कलम २४ सांगतं. नागपूरचा वकीलवर्ग एकमेकांना ओळखतो, एकाच लग्नात जेवतो. म्हणून कलम १२ खालचं, म्हणजे पक्षांशी असलेल्या संबंधांचं, प्रकटन मी सैल हाताने लिहीत नाही. एकाच पक्षाने तीन वर्षांत दोनदा नेमलं असेल, तर पाचव्या अनुसूचीप्रमाणे ते सांगायलाच हवं. सरकारी कंपन्यांची कंत्राटं इथे भरपूर आहेत. अशा कंत्राटात एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असा निकाल घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तो यायला फार उशीर झाला.

मला खरी काळजी बुटीबोरी-हिंगण्याच्या लघुउद्योजकांची वाटते. थकलेल्या बिलासाठी ते २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याखाली सुलभीकरण परिषदेकडे जातात. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला की तीच परिषद लवाद म्हणून बसू शकते. समेट घडवणाऱ्याने त्याच वादात लवाद होऊ नये, असं १९९६च्या कायद्याचं कलम ८० म्हणतं. पण २००६चा कायदा त्यावर मात करतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरवलं. कायदा मला मान्य आहे. तरीही 'पगार थकलेत, साठ टक्के मिळाले तरी चालतील' असं ज्याच्यापुढे बोललो, त्याच्याचपुढे उद्या पूर्ण रकमेचा दावा लढायचा, हे त्या माणसावर फार ओझं आहे. परिषदेला लवादाचं काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवता येतं. तिने ते दर वेळी सोपवावं.

मध्यस्थी फसल्यावर दोन्ही पक्ष कधीकधी म्हणतात, "तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आता निवाडाही तुम्हीच द्या." दोघांची संमती असेल तर कलम ८० आड येत नाही. मी तरीही नाही म्हणतो आणि ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही, अशा दोघा-तिघांची नावं सुचवतो.