माया आणि माती

ते हरीण पळत नाही. माणूस दहा पावलांवर येऊन उभा राहिला तरी पळत नाही. मान खाली झुकलेली, कान लोंबलेले, चारही पाय फाकवून कसाबसा तोल सांभाळलेला. तोंडातून लाळ गळते आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या. आसपास गवत आहे, ओढ्याला पाणी आहे. ते पुन्हा पुन्हा पाणी पितं, पण अंगी काही लागत नाही. डोळे उघडे आहेत आणि त्या डोळ्यांत भीती उरलेली नाही. ज्या भीतीनं हरणाच्या कुळाला लाखो वर्षं राखलं, ती आधी गेली. प्राण मागाहून जाणार आहेत.

हे म्यूल डिअर आहे, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवरचं. धडधाकट असताना ते कसं पळतं हे ज्यानं पाहिलं असेल, त्याला हे उभं राहणं बघवणार नाही. चाहूल लागताच त्याचे लांबलचक कान वळतात. मग चारही खूर एकदम जमीन सोडतात आणि एकदमच टेकतात. दगडधोंड्यांचा चढ असो की झुडपांचं रान, उडीगणिक दिशा बदलत ते पाठलाग करणाऱ्याला चकवून निघून जातं. या रोगात पाय तेच राहतात, पण त्यांना उडी सांगणारा मेंदू आतून पोखरला जातो.

रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथं संशोधनासाठी बंदिस्त ठेवलेल्या म्यूल डिअरमध्ये तो पहिल्यांदा दिसला. हरणं खंगत होती, मरत होती, आणि कारण हाती लागत नव्हतं. पुढं बेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक संशोधिकेनं मेलेल्या हरणांच्या मेंदूचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत बारीक बारीक छिद्रं होती, मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगात असतात तशी. १९७८ मध्ये रोगाची ओळख पटली. १९८१ मध्ये तो रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या एका रानटी एल्कमध्ये, हरणाच्याच कुळातल्या मोठ्या जनावरात, सापडला, म्हणजे कुंपणाबाहेरही होता. बेथ विल्यम्स आयुष्यभर या रोगाचा माग काढत राहिल्या. डिसेंबर २००४ मध्ये त्या आणि त्यांचे पती, वन्यप्राण्यांचे पशुवैद्य टॉम थॉर्न, दोघंही रस्त्यावरच्या अपघातात गेले. हरणांचं दुखणं ज्यांनी सर्वांत आधी वाचलं, त्या गेल्या, आणि रोग पुढं चालत राहिला.

या रोगामागं ना जिवाणू आहे, ना विषाणू. शरीरातल्याच एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते चुकलेलं प्रथिन शेजारच्या निरोगी प्रथिनाला आपल्यासारखं करतं. दुधाच्या पातेल्यात विरजणाचा थेंब पडावा तसं हे मेंदूभर पसरतं. विरजणात निदान जीव असतो, यात तोही नाही. स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये त्याला प्रायॉन असं नाव दिलं, आणि त्या कामासाठी १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण जे जिवंतच नाही त्याला मारायचं कसं? शिजवून ते जात नाही, नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. रोगावर लस नाही, औषध नाही. लागण झालेलं हरीण बरं होत नाही.

हा रोग मायेच्या वाटेनं जातो, हे मला सर्वांत जास्त छळतं. लागण झाल्यावर वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ, हरीण वरून ठणठणीत दिसतं. ते कळपात चरतं. दुसऱ्याची मान चाटतं, दुसरं त्याचं तोंड चाटतं. हरिणी पाडसाला चाटून स्वच्छ करते. माजाच्या दिवसांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांतला नर एखाद्या झुकलेल्या फांदीखाली खुरांनी माती उकरतो, फांदी चाटतो, तिच्यावर कपाळ घासतो, उकरलेल्या मातीवर मूत्र सोडतो. मग दुसरे नर तिथं येतात, हुंगतात, तीच फांदी चाटतात. माद्याही फिरकतात. कोण आलं, कोण गेलं, याची खबर रानात अशी पोचते. रोगी जनावराच्या त्याच लाळेत, त्याच मूत्रात, त्याच लेंड्यांत प्रायॉन असतात. कळपाला कळप ठेवणारं जे जे काही आहे, त्या सगळ्यातून मरण पुढं सरकतं.

आणि मग माती. मेलेलं मातीत मिळालं की संपलं, ही आपली जुनी समजूत. इथं तेही खरं राहत नाही. कलेवर विरतं, हाडं पांढरी पडतात, त्यावर गवत उगवतं, पण प्रायॉन मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं टिकतो. कोलोरॅडोत एकदा रोगी हरणांनी वापरलेले वाडे रिकामे ठेवले गेले. सुमारे दोन वर्षांनी तिथं निरोगी हरणं सोडली, तर त्यांतल्याही काहींना रोग झाला. म्हणजे हरणांविना ओसाड पडलेलं रानसुद्धा पुन्हा येणाऱ्या हरणासाठी सुरक्षित नाही.

माया आणि माती यांच्या भरवशावर रोग पायी चालला असता. त्याला गाड्या दिल्या आपण. शिंगांसाठी, मांसासाठी, हौशी शिकारीसाठी एल्क आणि हरणं कुंपणात पाळली गेली, ट्रकांतून या राज्यातून त्या राज्यात गेली, विमानांतून समुद्रापार गेली. दक्षिण कोरियात हा रोग २००१ मध्ये सापडला, तो कॅनडातून आणलेल्या पाळीव एल्कबरोबर. आज अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत तो आहे. २०२३ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही निघाला. गळ्यात जीपीएसचा पट्टा घातलेला एक म्यूल डिअर नर यलोस्टोन सरोवराजवळ मेला, आणि पट्ट्यामुळे त्याचा मृतदेह हाती लागला. ज्यांच्या गळ्यात पट्टा नसतो, त्यांची गणती कोण करणार?

आपल्या दयेनंही रोगाला वाट दिली. वायोमिंगच्या पश्चिम भागात एल्कच्या हिवाळी चराईच्या दऱ्यांत गावं आणि कुरणं वसली. बर्फात उपाशी मरणारे कळप पाहून लोकांच्या पोटात तुटलं, आणि जॅक्सनजवळ १९१२ मध्ये एल्कसाठी राखीव क्षेत्र झालं. तिथं आणि आसपासच्या इतर जागांवर हिवाळ्यात त्यांना चारा घालायची रीत पडली. माणसानं घेतलेली जमीन चाऱ्याच्या रूपानं थोडी परत करण्याचीच ती धडपड होती. पण चारा पडला की हजारो जनावरं तोंडाला तोंड लावून उभी राहतात. २०२५ मध्ये वायोमिंगच्या अशा चाऱ्याच्या जागांवर मेलेल्या एल्कमध्ये हा रोग निघाला.

वायोमिंगच्याच कॉन्व्हर्स परगण्यात संशोधकांनी म्यूल डिअरच्या एका कळपसमूहाचा माग ठेवला. तो दरवर्षी २१ टक्क्यांनी घटत होता. एका रात्रीत शंभर हरणं मेली असती तर वर्तमानपत्रांत फोटो आले असते. इथं एक हरीण ओढ्याकाठी पडतं, एक प्यूमाच्या तावडीत सापडतं, एक रस्त्यावर गाडीखाली येतं. कोलोरॅडोत प्यूमांनी मारलेली म्यूल डिअर तपासली, तेव्हा त्यांत रोगटांचं प्रमाण शिकाऱ्यांनी टिपलेल्यांपेक्षा अधिक निघालं. ज्या हरणाची सावधपणाची धार गेली, ते रानातल्या शिकाऱ्याला आधी कळतं. आपल्याला शेवटी कळतं. या मरणांचं सुतक कोणी धरत नाही, कारण ती एकेकटी होतात.

विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२ मध्ये सापडला. आता शिकारीच्या मोसमात तिथं ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात. शिकारी हरणाचं शिर कापून पिशवीत घालतो, चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहितो, पिशवी पेटीत टाकतो. प्रयोगशाळेत त्या गळ्यातल्या लसिकाग्रंथी काढून तपासतात. मांस तोवर घरच्या फ्रीजरमध्ये पडून असतं. माणसाला हा रोग झाल्याची एकही नोंद नाही, पण गाईंच्या अशाच रोगानं ब्रिटनमध्ये माणसं मेली, हे कोणी विसरलेलं नाही. लागण निघालेलं मांस खाऊ नका, असा सल्ला आहे. ज्या घरांत आजोबांनी नातवाला रानात नेऊन माग काढायला शिकवलं, जिथं वर्षाचं मांस हेच, तिथं जेवणाआधी आता चिठ्ठीची वाट पाहतात.

त्याच वर्षी शेजारच्या इलिनॉयमध्येही रोग सापडला. तिथं रोगाच्या जागा हेरून हरणं वेचून मारण्याचं काम वर्षानुवर्षं चिकाटीनं केलं गेलं आणि लागणीचं प्रमाण कमी राहिलं. विस्कॉन्सिननं काही वर्षांत लोकांच्या विरोधापुढं हात आखडता घेतला. तिथल्या नैर्ऋत्य भागात आज काही ठिकाणी प्रौढ नरांपैकी तिघांत एकाहून अधिक रोगी निघतात.

नॉर्वेनं याहून कठोर वाट धरली. २०१६ मध्ये नॉर्डफ्येलाच्या डोंगरात एक रानटी रेनडिअर या रोगानं मेलं. युरोपातला हा पहिलाच दाखला. सरकारनं तिथला सगळा कळप संपवायचं ठरवलं. २०१८ च्या वसंतापर्यंत दोन हजारांहून अधिक रेनडिअर मारले गेले. त्यांत रोगी निघाले ते वीससुद्धा नव्हते. बाकीचे निरोगी होते. बंदूक धरणाऱ्यांना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी चाप ओढला, कारण दक्षिणेला हार्डांगरविडाच्या पठारावर युरोपातला रानटी रेनडिअरचा सर्वांत मोठा समूह चरत होता आणि तो वाचवायचा होता. २०२० मध्ये हार्डांगरविडावरच्या एका नरात रोग निघाला. नॉर्वेच्या त्या निर्णयाला मी क्रूर म्हणू शकत नाही. शोक वेळेवर करण्याची हिंमत त्या देशानं दाखवली, आणि तीही पुरी पडली नाही. मग आपण कधीच न दाखवलेली हिंमत कशाला पुरणार होती?

भारतात हा रोग आढळलेला नाही. ताडोबातलं चितळ, मेळघाटातलं सांबर आणि दाचीगामचा हंगुल याच कुळातले आहेत. हंगुल तर एल्कचा जवळचा भाऊबंद. ती दूर आहेत, तोवर सुखरूप आहेत. पण अमेरिकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांच्या मागच्या अंगणात संध्याकाळी पांढऱ्या शेपटीची हरणं येतात. मुलं हरखतात, कोणी सफरचंदाच्या फोडी टाकतं, कोणी मका, कोणी मिठाचा दगड ठेवतं. तो मोह आवरा. तुमच्या मुठीतला मका त्यांना एकाच जागी तोंडाला तोंड लावून उभं करतो. त्यांना लांबूनच पाहा आणि रानात पांगू द्या. खंगलेलं, लाळ गाळणारं, पळून न जाणारं हरीण दिसलं, तर हात न लावता तिथल्या वन्यजीव खात्याला त्याच दिवशी कळवा. हा रोग पुढं कुठं पोचला आहे, हे अशा एकेका निरोपावरूनच कळत जातं.