साताऱ्याचा भाव, सांगलीचा भाव

गाडी बाळगणारी दोन माणसें प्रवासांत एकत्र आलीं, कीं पहिला प्रश्न निघतो तो 'गाडी ॲव्हरेज किती देते?' हा, आणि दुसरा 'तुमच्याकडे काय भाव?' हा. कशाचा भाव, तें कोणी विचारीत नाहीं. पूर्वीं अशा वेळीं पाऊसपाण्याची विचारपूस होत असे. ती जागा आतां या प्रश्नानें घेतली आहे. पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पेठ नाका म्हणून जें ठिकाण आहे, जेथून सांगलीची वाट फुटते, तेथें चहाच्या टपरीपुढें घटकाभर उभें राहिलें तर याचा अनुभव वाटेल त्यास घेतां येईल. साताऱ्याचा मनुष्य साताऱ्याचा भाव सांगतो, सांगलीचा सांगलीचा सांगतो, आणि दोघेही दशांशचिन्हापुढील दोन्ही आंकड्यांसह सांगतात. आपल्या मुलाची इयत्ता सांगतांना घुटमळणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. परंतु काल सकाळीं डिझेल किती पैशांनीं चढलें हें त्यांस झोपेंतून उठवून विचारलें तरी ते बिनचूक सांगतील.

हा छंद आम्हांसही होता. नुसता होता एवढेंच नव्हे, तर आम्हीं त्याची एक वही ठेविली होती. २०१८ सालीं आमच्या वडील भगिनी सांगलीच्या गांवभागांत एकट्या राहूं लागल्या, आणि त्यांच्या औषधपाण्यासाठीं महिन्यांतून एक खेप सांगली-मिरजेची करणें आम्हांस भाग पडलें. मिरज हें दवाखान्यांचें गांव. अक्कांचे डॉक्टर तेथलेच. लांबच्या रस्त्यावर स्वतः गाडी हांकण्याचें आमचें वय उलटून गेलें होतें, म्हणून गाडी भाड्याची. परत येईतों अडीचशें किलोमीटरांच्या वर प्रवास होई. या खेपांच्या वहींत आम्हीं पांच रकाने आंखले होते: तारीख, साताऱ्याचा भाव, सांगलीचा भाव, दोहोंतील अंतर, आणि भाडें. डिझेल घालावयाचें गाडीवाल्यानें. तेव्हां मधल्या तीन रकान्यांशीं वास्तविक आमचा कांहीं संबंध नव्हता. पण ज्याचा जन्म मास्तरकींत गेला त्याची रकाने आंखण्याची खोड कांहीं केल्या जात नाहीं.

दोन गांवांच्या भावांत अंतर पडतेंच कां, याचा आम्हीं त्या वेळीं बराच अभ्यास केला होता. पेट्रोलचा भाव ठरविण्याचें सरकारनें जून २०१० मध्यें सोडलें, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्यें. पुढें कांहीं काळ दर पंधरवड्यास भाव बदले. १६ जून २०१७ पासून तो रोज सकाळीं सहा वाजतां बदलूं लागला. तेलाच्या डेपोपासून पंपापर्यंत टँकर जितका लांब चालतो तितकें भाडें भावांत मिळविलें जातें, आणि राज्याचा कर टक्केवारीनें बसत असल्यामुळें त्या भाड्यावरही कर चढतो. परभणीचें पेट्रोल महाराष्ट्रांत महागांतलें म्हणून गाजलें, त्याचें कारण तें दूर मनमाडहून यावयाचें. उलट सांगली जिल्ह्यांत भिलवडीजवळ हजारवाडीस तेलाचा डेपोच आहे. आमच्या वहींत सांगलीचा भाव बहुतेक वेळां कांहीं पैशांनीं उतरता दिसतो, तो यामुळेंच असावा.

कांहीं पैसे म्हणजे किती? आमची गाडी लिटरला अठरा किलोमीटर देत असे. म्हणजे एका खेपेस चौदा-पंधरा लिटर डिझेल लागे. लिटरमागें पन्नास पैशांचें अंतर धरलें तर सगळ्या खेपेंत वांचले सात रुपये. पेठ नाक्यावरचा चहादेखील त्याहून महाग! परंतु हा हिशेब समोर मांडला म्हणून कोणी भाव ताडून पाहण्याचें सोडील असें समजणें व्यर्थ आहे. सकाळीं थंडाव्यांत तेल घट्ट असतें म्हणून उजाडतांच टाकी भरणारे, पंपावर लबाडी होऊं नये म्हणून शंभराऐवजीं एकशेंपांच रुपयांचेंच घालणारे, आणि शून्यावर नजर लावून डोळ्याचें पातें न लववितां उभे राहणारे, हे सर्व एकाच पंथाचे. टाक्या जमिनींत पुरलेल्या असतात, तेथें सकाळ आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाहीं, हें आम्हीं किती जणांस समजावून दिलें. ते मान डोलावीत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा सहा वाजतां पंपावर हजर. आमचे वडील सांगत कीं, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मोजून मिळे आणि कोळशाच्या वायूवर मोटारी चालत. तेव्हां 'काय भाव?' असें विचारण्याऐवजीं 'आहे का?' असें विचारीत. त्या मानानें आमचा काळ चैनीचाच म्हणावयाचा.

आमच्या गाडीवाल्यांस सगळें गांव तात्या म्हणतें. आम्हीही तेंच म्हणूं. पूर्वीं ते सातारा, उंब्रज, कराड अशी वडाप चालवीत. जीपमध्यें माणसें दाटीनें बसवून तासांतासानें खेप मारावयाची, हा तो धंदा. पुढें २०१२ सालीं त्यांनीं कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, आणि ती डिझेलची घेतली. कारण त्या सालीं पेट्रोल आणि डिझेल यांत लिटरमागें तीस रुपयांच्या आसपास अंतर पडलें होतें. गाडी महाग पडली तरी चालविण्यांत भरून निघेल, असा सरळ हिशेब. तो त्यांनीं एकट्यांनींच केला असें नाहीं. त्या दोन-तीन वर्षांत निम्म्या महाराष्ट्रानें केला होता. परंतु जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला सुमारें पन्नास पैसे चढूं लागलें, पुढच्या वर्षीं सरकारनें त्याचा हात सोडला, आणि जून २०२० मध्यें तर दिल्लींत डिझेल पेट्रोलच्याही वर गेलें. "गाडी घेतली तवा डिझेल गरिबाचं व्हतं, सर," एवढेंच तात्या म्हणत, आणि गिअर बदलीत.

तात्यांची एक पद्धत होती. पोवई नाक्यावरून आम्हांस घेतलें, गाडी हमरस्त्याला लागली, कीं ते आरशांतून एकदां मागें पाहत आणि त्या दिवसाचा भाव सांगत. "आज साताऱ्यात चाळीस पैशानं वर हाय, सर. सांगलीत तेवढं न्हाई." आम्ही लगेच वही काढीत असूं. तासवड्याचा टोल येईपर्यंत हा विषय पुरे. कधीं त्यांनीं नुसतेंच सांगावें, "परवापासनं लई चढलंय," आणि आम्हीं त्यावर चढण्याचीं कारणें सांगावीं. मे २०२० मध्यें केंद्रानें पेट्रोलवर दहा व डिझेलवर तेरा रुपये अबकारी कर वाढविला. जिल्ह्याबाहेर जाण्यास तेव्हां ई-पास लागे. तो काढून केलेल्या खेपेस आम्हीं तात्यांस कराडपर्यंत समजावून सांगितलें कीं, एप्रिलांत अमेरिकेच्या बाजारांत तेलाचा सौदा शून्याच्याही खालीं गेला होता, मग आपल्याकडे स्वस्त कां झालें नाहीं. फार चांगलें झालें तें विवेचन. तात्यांनीं मुखपट्टींतून "बरोबर हाय" म्हटलें. पुढच्या वर्षीं ऑक्टोबरांत डिझेलनें शंभरी ओलांडली, तेव्हांही त्यांनीं तसेंच आरशांतून पाहून सांगितलें, "सर, शंभरावर गेलं." आम्हीं तारीख टिपून घेतली आणि तो आंकडा तांबड्या शाईनें लिहिला.

नोव्हेंबर २०२१ मध्यें केंद्रानें पेट्रोलचा कर पांच आणि डिझेलचा दहा रुपयांनीं उतरविला. कर्नाटकानें त्यांत आपले आणखी सात रुपये सोडले. महाराष्ट्रानें त्या वेळीं कांहीं सोडलें नाहीं. मग सीमेवर जी गंमत व्हावयाची ती झाली. कागलच्या पुढें निपाणीकडील पंपांवर आणि मिरजेकडून म्हैसाळ ओलांडल्यावर लागणाऱ्या कागवाडास महाराष्ट्राच्या गाड्यांची रीघ लागली. सातारा आणि सांगली यांचें पैशांतलें अंतर ताडून पाहणारे आम्ही; येथें एक पूल ओलांडला कीं लिटरमागें सात-आठ रुपये! वहींत सहावा रकाना आंखावा कीं काय, अशा विचारांत आम्ही होतों.

त्याच डिसेंबरांतील खेपेस आम्हांस मिरजेस दवाखान्याच्या दारांत उतरवून तात्या म्हणाले, "तुमास्नी दोन तास लागतील न्हवं? तवर मी कागवाडला जाऊन टाकी भरून येतो."

आमच्या अंगांतला मास्तर जागा झाला. अक्कांस व आमच्या कुटुंबास आंत पाठवून आम्हीं पायरीवर उभ्याउभ्या तात्यांस हिशेब शिकविला. जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर, म्हणजे दोन लिटर डिझेल जाणार. टाकींत मावणार पस्तीस लिटर. आठ रुपयांप्रमाणें वांचले दोनशेंऐंशी. जाळलेलें डिझेल वजा जातां राहिले फार तर शंभर, सव्वाशें. "एवढ्यासाठीं दोन तास गाडी हांकावयाची? त्यापेक्षां सावलींत झोप काढा."

तात्यांनीं सर्व ऐकून घेतलें. हिशेब त्यांनीं आमच्या आधींच केलेला होता, हें त्यांच्या मुद्रेवरून दिसलें. ते हळूच म्हणाले, "शंभर रुपये खरं हायती, सर. पर मला वाढवून घ्यायला हितनंच जागा हाय. बाकीचा भाव दिल्लीत ठरतो, न्हाईतर मुंबईत. माझ्या हातात पंप निवडणं तेवढं हाय." आणि ते गेले. आम्ही आंत जाऊन बांकावर बसलों. शंभर रुपयांसाठीं मनुष्य किती यातायात करतो, याविषयीं कांहीं तरी सुचत होतें, तेंही मनांत जुळवून ठेविलें.

त्या रात्रीं घरीं आल्यावर आम्ही वही लिहीत होतों. दुधाचा हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानांवर असे, तो पाहण्यास आमचें कुटुंब आलें. पानें उलटतांना त्याचें बोट शेवटच्या रकान्यावर थांबलें आणि वरपासून खालपर्यंत सरकत गेलें.

"हा आंकडा छापून आणला होता का?"

रकाना भाड्याचा होता. फेब्रुवारी २०१८ मध्यें आमचें व तात्यांचें २२०० रुपये भाडें ठरलें होतें. त्या ओळीपासून त्या दिवसाच्या ओळीपर्यंत, प्रत्येक तारखेपुढें, आमच्याच सुवाच्य अक्षरांत २२००. शेजारचे रकाने पैशापैशानें चढत गेलेले, मध्येंच तांबडी शाई, आणि हा रकाना जागचा हललेला नाहीं. डिझेल त्या अवधींत लिटरमागें पंचवीस रुपयांहून अधिक चढलें होतें. एका खेपेस निदान साडेतीनशें रुपये, तेही डिझेलचेच. टायर, विमा आणि टोल यांचे निराळे. सात रुपयांचें अंतर शोधण्याकरितां आम्हीं वही ठेविली होती, आणि साडेतीनशांचें अंतर त्याच पानावर दोन बोटांवर पडलें होतें.

आम्हीं दिवा मालविला नाहीं. वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. जेथें जेथें 'तात्या म्हणाले' असें टिपण होतें, तेथें तेथें तो दिवस डोळ्यांपुढें आला. ते साताऱ्याचा आणि सांगलीचा भाव सांगत, पैशापैशानें सांगत, आरशांतून पाहत, आणि मग आमच्या उत्तराची वाट पाहून गिअर बदलीत. जवळजवळ चार वर्षें त्यांचें एकच मागणें चाललें होतें. ज्या माणसानें वडापच्या जीपमध्यें उतारूंशीं रुपया-दोन रुपयांवरून भांडणें केलीं असतील, त्यास आमच्यापाशीं 'भाडें वाढवा' हे दोन शब्द उच्चारवले नाहींत. कां, तर आम्ही सर, आणि बरोबर आजारी अक्का. आणि आम्हीं त्यास काय दिलें? अबकारी कराचा इतिहास!

"त्यांनीं मागितलें नाहीं," असें आम्ही कुटुंबास म्हणालों खरे. तें म्हणालें, "मागितलें कीं. तुम्हीं लिहूनही ठेवलें आहे."

पुढच्या खेपेस पोवई नाक्यावर गाडींत बसतांनाच आम्हीं सांगितलें कीं, आजपासून भाडें २८०० रुपये, आणि डिझेल पांच रुपयांनीं हललें कीं पुन्हा बोलावयाचें. मागचें देणें किती होतें तेंही आम्हीं काढून ठेविलें होतें. पाकीट पुढें केलें. तात्यांनीं तें घेतलें नाहीं. "मागलं ऱ्हाऊ द्या, सर. ठरल्यालं ठरल्यालं असतं," म्हणाले. मग आरसा उगीच पुसला, पुन्हा नीट बसविला आणि गाडी सुरू केली. तें पाकीट पुढें आमच्या कुटुंबानें तात्यांच्या मुलीच्या हातीं दिलें. ती कराडला शिकत होती. पुस्तकांसाठीं म्हटल्यावर तिनें नाहीं म्हटलें नाहीं.

त्या दिवशीं नागठाणें गेलें, अतीत गेलें, उंब्रज गेलें. तात्यांनीं भाव सांगितला नाहीं. आम्ही वही मांडीवर घेऊन बसलों होतों. तासवड्याचा टोल ओलांडल्यावर ते बोलूं लागले ते ऊंसतोडीच्या गाड्यांविषयीं, त्या रात्रीं मागें दिवा न लावतां कशा चालतात याविषयीं. पुढें जुलै २०२२ मध्यें महाराष्ट्रानेंही पेट्रोल पांच व डिझेल तीन रुपयांनीं उतरविलें, आणि त्यानंतर रोज सकाळीं सहा वाजतां भाव बदलण्याची ती धामधूम बराच काळ थंडावली. एकदां न राहवून आम्हींच विचारलें, "तात्या, आज काय भाव?"

"कालचाच, सर," ते म्हणाले. "कोयनेचं दरवाजं उघडलं म्हणत्यात. कराडला पाणी बघायचं का जाताजाता?"